बीएससी नर्सिंग, जीएनएम की पुढे एमएससी? वाळपईच्या एका वडिलांना उत्तर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या वाळपईजवळच्या एका गावातून एका वडिलांनी विचारलं आहे. धाकटी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, जीवशास्त्र होतं, ६८ टक्के मिळाले, आणि तिला नर्सिंगच करायचंय. त्यांची पुतणी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, नर्सिंगचा डिप्लोमा) करून सहा वर्षं म्हापशाच्या एका खासगी इस्पितळात काम करते. घरातला वाद असा: मुलीने चार वर्षांची पदवी घ्यावी की पुतणीसारखं तीन वर्षांत कमवायला लागावं, पदवी घेतली तर लगेच एमएससी करावी का, आणि पुतणीला आता पदवी घेता येईल का. शेवटी त्यांनी लिहिलंय, "लोक म्हणतात डिग्रीवाल्या सिस्टर पेशंटला हात लावत नाहीत, फक्त कागद भरतात. खरं काय?"

भाऊ, या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांची गाठ तिथेच आहे. मी स्वतः जीएनएम होऊन वॉर्डात लागले, तेव्हा तो कोर्स साडेतीन वर्षांचा होता. मग पोस्ट बेसिक, म्हणजे जीएनएमनंतरची बीएससी केली, मग एमएससी, आणि नोकरीची शेवटची सोळा वर्षं शिकवण्यात गेली. तुम्ही विचारलेल्या तिन्ही वाटा मी चाललेय.

मेडिसिन वॉर्डातली एक रात्र सांगते. बीएससीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी इंटर्नशिपला आमच्याकडे होती. रात्री अकराच्या फेरीत तिने कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजोबांचा श्वास घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर मोजला. २८. चार्टवर मात्र सकाळपासून सगळ्या पेशंटांच्या रकान्यात २० लिहिलेलं, कारण घाईच्या वॉर्डात श्वास कोणी मोजत नाही, अंदाजाने लिहितात. आजोबांचं ब्लड प्रेशर ठीक होतं, ताप फारसा नव्हता, बोलतही होते. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, लघवीची पिशवीसुद्धा संध्याकाळपासून तेवढीच आहे." आम्ही ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवलं. जंतुसंसर्ग रक्तात पसरायला लागला होता, आजोबांना तासाभरात आयसीयूत हलवलं आणि ते वाचले. प्रेशर पडायची वाट बघत बसलो असतो तर सकाळ उजाडेपर्यंत उशीर झाला असता.

त्या मुलीला हे कसं सुचलं? रक्तात आम्ल वाढू लागलं की शरीर ते बाहेर टाकण्यासाठी श्वास वाढवतं, आणि हे प्रेशर घसरायच्या आधी घडतं, हे ती शरीरक्रियाशास्त्रात शिकली होती. शिवाय तिने पेशंटला हात लावला होता, पिशवी उचलून बघितली होती. यातली एक गोष्ट नसती तर दुसरीचा उपयोग शून्य. लोक म्हणतात त्या कागद भरणाऱ्या डिग्रीवाल्या मीही पाहिल्यात. त्यांची चूक डिग्रीची नव्हती. त्यांना पुरेसे पेशंट न देताच डिग्री दिली गेली होती.

हे नुसतं माझं मत नाही. २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा युरोपातल्या नऊ देशांमधल्या ३०० इस्पितळांचा अभ्यास आला. शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक पेशंटांची माहिती त्यांनी तपासली. पदवीधर नर्सेसचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असलं तिथे पेशंट दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी आढळली. आणि एका नर्सवर एक पेशंट वाढला की ती शक्यता सात टक्क्यांनी जास्त. दोन्ही आकडे एकाच अभ्यासातले आहेत, एवढं ध्यानात ठेवा. पदवीने फरक पडतो, पण नर्सला पेशंटकडे बघायला वेळच नसेल तर तो फरक पुसला जातो.

आता मुलीचं. जीवशास्त्र आहे, गुण चांगले आहेत, तर माझं उत्तर सरळ आहे: बीएससी नर्सिंग. भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमांप्रमाणे बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, किमान ४५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के), आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण हवं. मुलगे आणि मुली दोघांनाही प्रवेश असतो. प्रवेशाची पद्धत आणि तारखा दर वर्षीच्या माहितीपत्रकात असतात. ते पत्रक स्वतः शेवटपर्यंत वाचा, शेजाऱ्याने सांगितलेल्या गेल्या वर्षीच्या नियमांवर विसंबू नका. रहिवासी दाखला, जातीचा दाखला असेल तर तो, हे कागद मामलेदार कचेरीतून आधीच काढून ठेवा. ऐनवेळी तिथल्या रांगेत उभं राहून प्रवेश हुकलेली मुलं मी पाहिलीत.

कोर्स चार वर्षांचा, आठ सेमिस्टरचा. २०२१ पासून नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्याआधी वार्षिक परीक्षा असायच्या. पहिल्या सेमिस्टरला शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा पाया. दुसऱ्यात जीवरसायन आणि आहारशास्त्र. पुढे औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि मोठ्या माणसांचे आजार येतात. पाचव्या-सहाव्यात लहान मुलं, मनोरुग्ण, गावपातळीवरचं आरोग्य, बाळंतपण. सातव्यात संशोधन आणि संख्याशास्त्र. आठवं सेमिस्टर म्हणजे पूर्ण इंटर्नशिप, २२ आठवडे. थिअरी आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी क्लिनिकलचे ठरलेले तास शंभर टक्के भरावे लागतात. आजारी पडलात, घरी लग्न होतं, चवथ होती, काहीही असो, बुडलेली ड्युटी नंतर करून द्यावीच लागते. हा नियम मला फार आवडतो.

एक सूचना मुलीसाठी. गावातल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुली पहिल्या सेमिस्टरला शरीररचनेचं जाडजूड इंग्रजी पुस्तक बघून रडतात. हुशार असतात, पण शब्द अंगावर येतात. माझ्या वर्गात सत्तरी तालुक्यातली एक मुलगी होती, ती रोज संध्याकाळी वीस शब्द वहीत लिहायची, शेजारी मराठी अर्थ आणि एक छोटं चित्र. दिवाळीपर्यंत ती इतरांना शिकवायला लागली. तुमच्या मुलीने सुट्टीत हे आजच सुरू केलं तर पहिलं सेमिस्टर अर्धं हलकं होईल. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर तीही आत्ताच सुरू करा. तीन डोस असतात, पहिल्यानंतर महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. सुया हाताळायला लागण्यापूर्वी शरीर तयार असलेलं बरं.

कॉलेज कुठलं, हा खरा प्रश्न आहे आणि इथे मी थोडी जास्त बोलणार आहे. बांबोळीची इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन ही सरकारी संस्था गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे. तिचं बलस्थान आहे गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. गोमेकॉत सगळ्या गोव्याचे पेशंट येतात, शिवाय सावंतवाडी-दोडामार्गकडचे आणि कारवारकडचेही. एकाच वॉर्डात कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी ऐकू येतं. "दुखता गो बाय" म्हणणाऱ्या काणकोणच्या म्हातारीला आणि मान खाली घालून काहीच न बोलणाऱ्या परप्रांतीय मजुराला एकाच सकाळी हाताळायला मिळणं, याला शिक्षण म्हणतात. शेजारीच मनोरुग्णांची संस्था आहे, आयपीएचबी. म्हापशाचं आझिलो आणि मडगावचं हॉस्पिसियो या सरकारी इस्पितळांची नावं तर तुम्हाला माहीतच आहेत. सरकारी फीही खासगीच्या तुलनेत परवडणारी असते.

तिथे जागा नाही मिळाली तर गोव्यात खासगी कॉलेजं आहेत, आणि पुष्कळ मुली बेळगाव, कोल्हापूर, मंगळूर, बंगळूरला जातात. त्यात वाईट काही नाही. फक्त कॉलेजची इमारत, एसी वर्ग, हॉस्टेलचे फोटो बघून भुलू नका. जाऊन विचारा: कॉलेजचं स्वतःचं इस्पितळ कुठलं, किती खाटांचं, आणि आज त्यातल्या किती भरलेल्या आहेत? परिषदेचा दंडक आहे की एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट असावेत आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. एका वर्गात साठ मुलं असतील तर हिशेब तुम्हीच करा. सकाळी आठच्या सुमाराला इस्पितळाच्या दारात उभं राहून बघा, ओपीडीला गर्दी आहे का, युनिफॉर्ममधल्या मुली वॉर्डात जाताहेत का. कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारा, "आतापर्यंत किती बाळंतपणं स्वतः बघितलीस?" ती जे सांगेल ते कुठल्याही पत्रकात छापलेलं नसतं.

कर्नाटकात जायचं तर राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ, महाराष्ट्रात नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. कॉलेज त्यांच्याशी संलग्न आहे का, त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची आणि भारतीय परिषदेची मान्यता त्याच वर्षासाठी आहे का, हे तीन वेगवेगळे कागद आहेत, तिन्ही बघा. "हजेरीचं आम्ही बघून घेऊ, मुलगी घरी राहिली तरी चालेल" असं एजंट म्हणाला तर तिथून उठून निघून या. बीएससी नर्सिंग घरबसल्या होत नाही. पैशाची अडचण असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे, तिची चौकशी प्रवेशाच्या आधी करा.

जीएनएमबद्दल तुमच्या घरात जो कमीपणाचा सूर लागला असेल तो मला मान्य नाही. हा कोर्स तीन वर्षांचा आहे, कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी हवं आणि ४० टक्के हवेत. ज्या मुलीने आर्ट्स किंवा कॉमर्स घेतलं आणि नंतर नर्सिंगची ओढ लागली तिच्यासाठी हे दार उघडं आहे, आणि ते उघडंच राहावं असं मला मनापासून वाटतं. जीएनएम आणि बीएससी दोघींची कौन्सिलकडे नोंदणी एकच होते, नोंदणीकृत नर्स आणि नोंदणीकृत मिडवाइफ (प्रसूतिसेविका). इंजेक्शन देणारा हात दोघींचा सारखाच कायदेशीर. फरक पुढे जाणवतो: जीएनएमवरून थेट एमएससीला जाता येत नाही, आणि काही नोकऱ्यांत जीएनएमला जास्त अनुभव मागतात. उदाहरणार्थ, एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला बीएससीची मुलगी अनुभवाशिवाय बसू शकते, जीएनएमला ५० खाटांच्या इस्पितळातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. दोन वर्षांचा एएनएम हा मुलींसाठीचा आणखी एक कोर्स आहे, उपकेंद्रावरची लसीकरणाची, गरोदर बायकांची कामं त्यात शिकवतात. तुमच्या मुलीला तो लागू नाही, म्हणून सोडून देते.

आता तुमची पुतणी. तिच्याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण मला तिच्याबद्दलच जास्त बोलावंसं वाटतं, कारण मी तीच होते. तिच्यासाठी पोस्ट बेसिक बीएससी आहे, दोन वर्षांचा पूर्णवेळ कोर्स. बारावी, जीएनएम आणि कौन्सिलची चालू नोंदणी एवढं हवं. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा तीन वर्षांचा पोस्ट बेसिक कोर्स नोकरी करणाऱ्या नोंदणीकृत नर्सेससाठीच आखलेला आहे, प्रवेश परीक्षेतून त्याला जाता येतं. पण त्यातही प्रॅक्टिकल चुकत नाही. आणि त्या पदवीवर पुढे कोणती नोकरी किंवा कोणती एमएससी करायची आहे, तिथे ती स्वीकारतात का, हे अर्ज भरण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावं.

पोस्ट बेसिकच्या पहिल्या दिवशी माझ्या मनात होतं, दहा वर्षं वॉर्ड केलाय, मला आता काय शिकवणार? मग संशोधनाच्या विषयात बाईंनी सांगितलं, तुमच्या वॉर्डातली एक गोष्ट मोजून आणा. मी सलाइनच्या सुईमुळे हाताची शीर सुजलेले पेशंट मोजायचं ठरवलं. महिनाभर रोज संध्याकाळी वही घेऊन फिरले. कुठल्या खाटेला सुई कधी लावली, कोणी लावली, किती दिवस तशीच राहिली. आमच्या वॉर्डात सुया गरजेपेक्षा जास्त दिवस तशाच ठेवल्या जात होत्या आणि सुजेचं मुख्य कारण तेच होतं. दहा वर्षं त्याच वॉर्डात मी त्या सुजेवर पट्टी बांधत होते, पण एकदाही मोजलं नव्हतं. इनचार्जनी त्यानंतर प्रत्येक सुईच्या पट्टीवर तारीख आणि वेळ लिहायची पद्धत सुरू केली. पदवीने मला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी ती वही दाखवते. पुतणीला सहा वर्षांचा अनुभव आहे. तिच्याकडे मोजण्यासारखं खूप साठलेलं असणार. तिने जरूर करावं.

एमएससी लगेच करावी का? नाही. परिषदेचा नियमच आहे की बीएससीनंतर किमान एक वर्ष काम हवं आणि पदवीला ५५ टक्के हवेत. हे एक वर्ष मी कमीत कमी समजते, तीन वर्षं व्हावीत असं म्हणते. असं म्हणण्यामागे माझ्या हातून झालेली एक चूक आहे. माझी एक आवडती विद्यार्थिनी होती, गुणांमध्ये वर्गात पहिली. तिने बीएससी होताच एका छोट्या खासगी इस्पितळातून वर्षाचं अनुभवपत्र मिळवलं. तिथे ती अधूनमधून जायची, एवढंच. मला ते माहीत होतं. हुशार मुलगी आहे, वाट अडवू नये, म्हणून मी गप्प बसले, उलट शिफारसपत्रही लिहून दिलं. एमएससी झाली, ट्यूटर म्हणून लागली, आणि पहिल्याच वर्षी मुलींना घेऊन वॉर्डात जायची वेळ आली की तिची तब्येत बिघडायला लागली. वॉर्डातल्या जुन्या सिस्टरने काही विचारलं की ती पुस्तकाचं पान सांगायची. मुलींना ते समजायचं, आणि मुलींना समजतंय हे तिलाही समजायचं. दोन वर्षांनी तिने शिकवणं सोडलं. नंतर तिने आयसीयूत तीन वर्षं काम केलं आणि आज ती उत्तम आहे, पण मधली वर्षं तिला फार जड गेली, आणि त्याला मी जबाबदार होते.

शिकवायचंच असेल तर एमएससीला पर्याय नाही. ट्यूटर म्हणून बीएससी अधिक एका वर्षाच्या अनुभवावरही लागता येतं, पण असिस्टंट प्रोफेसरपासून पुढे एमएससी आणि शिकवण्याचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. प्राचार्यपदासाठी एमएससी आणि १५ वर्षांचा अनुभव, त्यातली १२ शिकवण्याची. म्हणून वॉर्डातली दोन-तीन वर्षं वाया गेली असं कोणी समजू नये, पुढची वाट बरीच लांब आहे.

एमएससी दोन वर्षांची. पहिल्या वर्षी नर्सिंग शिक्षण, प्रगत नर्सिंग, संशोधन आणि आपला खास विषय. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन, खास विषयाचा दुसरा भाग आणि प्रबंध. खास विषय पाच: मेडिकल-सर्जिकल, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. सगळ्या मुली मेडिकल-सर्जिकल मागतात, कारण त्यात हृदय, कॅन्सर, आयसीयू असे उपविषय आहेत आणि नोकऱ्या दिसतात. मानसिक आरोग्य कोणी मागत नाही. हे मला खुपतं. मनोरुग्णांची एवढी जुनी संस्था गोव्यात आहे, दारूने पोखरलेली घरं प्रत्येक वाड्यावर आहेत, आणि हा विषय घेतलेली नर्स शोधून सापडत नाही.

सामुदायिक आरोग्याबद्दल तर तुमच्याच तालुक्याचं उदाहरण देते. २०१५ पासून सत्तरीत माकडताप आला, तेव्हा जंगलात काजू गोळा करायला जाणाऱ्या बायकांना गोचिडीपासून कसं जपायचं, मेलेलं माकड दिसलं तर कुणाला कळवायचं, लस का घ्यायची, हे घरोघरी जाऊन सांगणारं माणूस लागलं. ते काम इस्पितळात बसून होत नाही. घरभेटीला गेलात की कळतं, आजीची प्रेशरची गोळी डब्यात तशीच आहे, कारण ती डोकं दुखलं तरच घेते. आयुष्मान भारत योजनेतली कम्युनिटी हेल्थ ऑफिसर ही जागा बीएससी झालेल्या मुलींसाठी उघडली, उपकेंद्रावर स्वतः पेशंट तपासायचे, मधुमेह-प्रेशरचा पाठपुरावा करायचा. वाळपईच्या मुलीने वाळपईतच हे काम केलं तर तिच्या बोलण्याला जे वजन असेल ते बाहेरच्या कुणाला यायचं नाही.

शिकवायचं नाही, पेशंटजवळच राहायचं आहे, पण ज्ञान वाढवायचं आहे, अशा मुलींनी एमएससीच्या मागे धावण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. एक, एका वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा: क्रिटिकल केअर, नवजात बालकं, ऑपरेशन थिएटर, कॅन्सर, मानसिक आरोग्य वगैरे. दोन, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, हा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स आहे आणि तो आयसीयूत राहून, रेसिडेन्सी पद्धतीने करायचा असतो. बाळंतपणाची आवड असेल तर नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी, १८ महिन्यांचा. पीएचडीचा विचार आत्ता नको. ती किमान तीन वर्षांची असते आणि वॉर्डातून घेऊन आलेला प्रश्न हातात असेल तेव्हाच तिला अर्थ येतो.

पुतणीच्या एका मैत्रिणीने अमेरिकेचं काहीतरी सांगितलं, म्हणून तुम्ही तिथल्या पदव्यांबद्दलही विचारलंय. तिथली बीएसएन ही आपल्या बीएससीसारखी चार वर्षांची. एमएसएन ही तिथली पदव्युत्तर पदवी मात्र नावाने आपल्या एमएससीसारखी असली तरी वेगळी: ती करून नर्स प्रॅक्टिशनर झालेल्या बाई पेशंट तपासून औषधं लिहितात. डीएनपी ही प्रत्यक्ष सेवेतली डॉक्टरेट, पीएचडी संशोधनातली. आपल्या एमएससीवर तिथे औषध लिहायचा अधिकार मिळत नाही. आधी एनसीएलईएक्स-आरएन ही तिथली परवाना परीक्षा पास होऊन साधी नोंदणी, मग पुढचं. इंग्लंडला लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक, शिवाय इंग्रजीची आयईएलटीएस किंवा ओईटी. आखाती देशांत त्या त्या देशाची परवाना परीक्षा आणि कागदपत्रांची पडताळणी.

आणि गोव्यात हमखास निघणारा विषय, पोर्तुगीज पासपोर्ट. आजोबांच्या जन्मनोंदीवरून तो मिळाला तर युरोपात राहता येतं, पण नर्स म्हणून काम करायला त्या देशाची नोंदणी आणि भाषा लागतेच. युरोपीय संघाचा नियम नर्सिंगच्या शिक्षणाचे किमान ४,६०० तास मागतो, आणि भारतातली पदवी त्यांच्या संस्था आपल्या पद्धतीने तपासतात. इंग्लंडचं म्हणाल तर १ जानेवारी २०२१ पासून त्या पासपोर्टवर तिथे मोकळेपणी कामाला जाता येत नाही. म्हणून अभ्यासाच्या तासांचा, विषयांचा आणि ड्युट्यांचा तपशील असलेलं ट्रान्स्क्रिप्ट कॉलेज सोडतानाच काढून घ्यायला मुलीला सांगा. दहा वर्षांनी ते मागायला गेलं की जुनी रजिस्टरं शोधण्यात महिने जातात.

इथल्या सरकारी नोकरीचं एकच सांगते: गोव्यात सरकारी जागेला कोकणीचं ज्ञान अत्यावश्यक असतं, मराठी आलं तर उत्तम. सत्तरीच्या मुलीला दोन्ही येतात, तिने निश्चिंत राहावं. लष्करात जायची इच्छा असेल तर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस आहे, पुण्याच्या एएफएमसीसह (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय) सहा लष्करी कॉलेजांतून बीएससी होऊन लेफ्टनंट म्हणून रुजू होता येतं. त्यासाठी अविवाहित मुली लागतात आणि नीटचे गुण बघतात. वास्कोच्या आयएनएचएस जीवंती या नौदलाच्या इस्पितळात गेलात तर त्या पोशाखातल्या सिस्टर दिसतील.

आणखी एक, कायदा बदलतोय. १९४७ च्या नर्सिंग परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा संसदेने मंजूर केला, त्यात पदवी प्रवेशासाठी देशभर एकसारख्या परीक्षेची तरतूद आहे. तुमच्या मुलीचा प्रवेश ज्या वर्षी होईल त्या वर्षीचं पत्रक वाचा असं मी वर म्हटलं त्याचं हे एक कारण.

पुतणीला माझा निरोप द्या. तिची कौन्सिलची नोंदणी शेवटची कधी नूतनीकरण झाली ते आजच बघायला सांगा. नोकरीत असलेल्या नर्सेस हे विसरतात, आणि पोस्ट बेसिकचा अर्ज भरताना नेमकी तिथेच अडकतात. परिषदेच्या ऑनलाइन रजिस्टरमध्ये नाव चढवून मिळणारा एनयूआयडी क्रमांक तिच्याकडे नसेल तर तोही करून घ्यावा. आणि तिला म्हणावं, धाकटीला एक दिवस आपल्यासोबत इस्पितळात ने, बाहेरच्या बाकावर बसून सकाळच्या हँडओव्हरच्या वेळी काय काय चालतं ते नुसतं बघू दे. इनचार्ज सिस्टरची परवानगी काढली की आतही नेता येईल.